मदत हवी आहे: पुरातून निघालेली पालिओ १.६ ट्रॅकवर न्यायची आहे

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच.

गाडी फियाट पालिओ १.६ जीटीएक्स, २००२ची, एमएच १० पासिंग. सचिनच्या सहीवाली एस१० नव्हे, हे आधीच सांगतो, कारण घरी आलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारतो. वडिलांनी नवी घेतली होती. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीत गावभागात घरासमोर उभी राहिली. नेमकी बॅटरी उतरलेली, आणि पाणी चढत होतं तेव्हा ढकलत न्यायला माणसं नव्हती. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा गाडीचा नुसता टप दिसत होता. विमा थर्ड पार्टी, म्हणजे मिळायचं काहीच नव्हतं. पाणी उतरल्यावर मामांनी ट्रॅक्टरला बांधून नेली आणि कवठे महांकाळकडच्या त्यांच्या शेडमध्ये लावली. दुष्काळी भागातली कोरडी हवा, म्हणून पत्रा अजून पत्र्यासारखा दिसतो, असा माझा समज.

मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. मापं घेता येतात, इंजिनं येत नाहीत. गेल्या वर्षी गाडी मिरजेत एका मित्राच्या गॅरेजला आणली. प्लग काढले, ऑइल तीनदा बदललं, टायमिंग बेल्ट, पंप, इंजेक्टर, सगळी वायरिंग नवी. गाडी चालू झाली! आयडलिंगला किंचित थरथरते, बाकी आवाज चांगला आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, एक ते चार नंबर: १७०, १७५, १४५, १७० पीएसआय.

रजिस्ट्रेशन संपलंय आणि रोडवर आणायचीही नाही. ट्रॅकसाठी गाडी करायची, वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला न्यायची, जमलं तर पुढे हौशी रेस. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग पुष्कळ केलंय, पण मोठ्या गाडीचा अनुभव शून्य. बजेट अडीच लाख, ताणलं तर तीन.

आता विचारायचं ते. लिनिया टी-जेटचं १.४ टर्बो इंजिन यात बसवावं का? तसं एक स्वस्तात मिळतंय. आणि रोलकेजला (गाडी उलटली तर आतला माणूस वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) इथला फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "बी क्लास पाईप लावतो, हत्ती बसला तरी दबणार नाही." लावू का?

घाटातला गडी

साताऱ्याहून नमस्कार. हत्ती बसवणार असशील तर लाव.

जुनी फियाटवाली

गड्याने थट्टेवर नेलं, मी जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे पद्मिनी, मग उनो, मग पालिओ. फियाटवर घालवलेल्या पैशांत सातारा रोडला फ्लॅट झाला असता, हे वाक्य घरात रोज ऐकते.

बी क्लास ही पाण्याची पाईप. पट्टी वळवून तिला उभी शिवण मारलेली असते आणि वरून बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा. मार बसला की शिवणीवर उकलू शकते. शिवाय जस्त असलेल्या पाईपवर वेल्डिंग केलं की सांधा पोकळ होतो आणि धूर वेल्डरच्या छातीत जातो. केजला लागते ती थंड ओढलेली सीमलेस पाईप. एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) नियमात मुख्य कमान ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमी आणि २ मिमी, बाकीच्या नळ्या ३८×२.५ किंवा ४०×२. कमानीच्या पायाखाली निदान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी पत्र्यावर पसरून बसवायची, नाहीतर गाडी उलटली की पाईप शाबूत राहते आणि पाय पत्रा फाडून खाली जातो. तू क्वालिटीत आहेस ना? मग पाईपचं टेस्ट सर्टिफिकेट मागायला तुला शिकवायला नको.

पण खरा प्रश्न केजचा नाहीच. ते पाय बसणार कशावर? पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतो. दाराखालच्या पेटीत, खांबांच्या पोटात, चॅसीच्या बंद भागात तो बसून राहतो, आणि बाहेरचं सगळं वाळलं तरी आतून ओल धरून ठेवतो. कवठे महांकाळची हवा बाहेरच्या पत्र्याला कोरडी लागली असेल, पेटीच्या आत आठ दिवसांची कृष्णा अजून आहे. कार्पेट, साउंडचे पॅड, डांबराचे थर सगळं काढ. मग छोटी हातोडी घेऊन टकटक करत जा, जिथे आवाज बद्द येईल तिथे स्क्रूड्रायव्हर दाब. आत शिरला तर लिहून ठेव. जॅक लावायच्या जागा, पुढच्या स्ट्रटचे टॉवर (पुढचं सस्पेन्शन वर जिथे अडकतं ते) आणि मागच्या सस्पेन्शनचे माउंट, एवढं आधी बघ. हे होईपर्यंत टर्बोचा ट हा शब्द काढू नकोस.

हुबळीवाला

टर्बोबद्दल. टी-जेटला साधारण ११४ पीएस, तुझ्या १.६ला शंभराच्या आसपास. चौदा पीएससाठी माउंट, ईसीयू, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळं नव्याने, म्हणजे बजेट तिथेच संपलं. करी ट्रॅक सव्वादोन किलोमीटरच्या आतला आहे, तिथे पहिल्या वर्षी तुला वेळ मिळेल तो ब्रेक आणि टायरमध्ये.

ब्रेकचं नीट ऐक. ऑइल डॉट ४ घे, ताज्या डब्यातलं. नियमाप्रमाणे कोरड्या डॉट ४चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, आणि पाणी शोषून झालं की मर्यादा १५५वर येते. ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत पुढच्या डिस्क एवढ्या तापतात की जुनं ऑइल लाइनमध्येच उकळतं. वाफ दबते, त्यामुळे पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे. मी एकदा अनुभवलंय. वळणाच्या बाहेर मातीचा पट्टा होता म्हणून आज टाइप करतोय. पॅड चांगले घे, कॅलिपर उघडून पिस्टन आणि सील बघ, पुरातल्या गाडीत ते धरलेले असणारच. मागचे ड्रमही उघड.

चाकांसाठी एक टीप, कारण सगळे इथेच फसतात. पालिओचा पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ४×९८, मारुती-ह्युंदाईचा ४×१००. दोन मिलिमीटरचाच फरक, ठोकून बसेल असं दुकानदार म्हणतो. ठोकून बसवलेलं चाक ट्रॅकवर सुटतं. फियाटला स्टड नसतात, बोल्ट असतात, आणि ४×१००ची चाकं लावायचीच असतील तर सरकत्या कॉलरचे बोल्ट मिळतात, तेच वापर.

आणि १४५? हे मला खटकतंय. तीन नंबरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोज. वाढलं तर पिस्टनच्या रिंग गळतायत. नाही वाढलं तर लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करून बघ, व्हॉल्व्ह गळत असतील तर हवा इनटेकमधून किंवा सायलेन्सरमधून फुसफुसते.

कायद्याचा किडा

आरसी तशीच पडू देऊ नका, आरटीओत जाऊन तिचं काय करायचं ते लेखी उरका. मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणजे केज घातली की सांगली ते कोइमतूर फ्लॅटबेडवरच. तशीही उघडी केज आणि डोक्यावर हेल्मेट नाही, अशी गाडी शहरात चालवणं म्हणजे डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी गज घेऊन फिरणं. साध्या मोटर विम्यात रेसिंग बसत नाही. आणि रेसला उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स लागेल, त्या वर्षीच्या नियमात पालिओ बसते का ते गाडीला हात लावायच्या आधी वाचा. हे लोक नेहमी शेवटी वाचतात.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. एका रविवारात आत्मविश्वास निम्म्यावर आला.

ताई, तुम्ही म्हणालात तसं केलं. डावीकडच्या पेटीतून घमेलंभर गाळ निघाला, वाळून पापड झालेला, आणि त्यात एक बांगडी. कुणाची ते आईला कळेना. डावी पेटी दोन ठिकाणी गेली आहे, जॅकची मागची जागा तर बोटाने तुटली. उजवी ठणठणीत. टॉवर आणि मागचे माउंट चांगले आहेत.

हुबळीवाले दादा, ऑइल टाकून तीन नंबर १४५चा १५० झाला. लीकडाउन इतर तीन सिलिंडरसारखाच. हवा कुठूनच येत नाही. म्हणजे रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही. मग कॉम्प्रेशन जातं कुठे?

हुबळीवाला

जात नाही, तयारच होत नाहीये. एक सांग. पाणी उतरल्यावर प्लग काढायच्या आधी कुणी सेल मारला होता का?

कृष्णाकाठचा

नाही. गाडी थेट ट्रॅक्टरला बांधून नेली.

हुबळीवाला

नक्की? घरात विचार. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. अगदी थोडा वाकला तरी पिस्टन वर पूर्ण येत नाही, आणि गळती नसतानाही कॉम्प्रेशन कमी दाखवतं. गाडी चालतेसुद्धा. तो रॉड घेऊन करीला ६,००० आरपीएमला गेलास तर रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडेल.

जुनी फियाटवाली

सेल मारलेला असतोच. कुणी कबूल करत नाही.

कृष्णाकाठचा

उशिरा लिहितोय. रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. वडील आधी काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेंपोची बॅटरी आणून लावली होती. बघावं म्हटलं चालू होतीय का. टक् करून थांबलं, मग परत हात लावला नाही." एवढी वर्षं बोलले नव्हते. आई म्हणाली, मला माहीत होतं.

शनिवारी हेड काढलं. कंपनीतून डायल गेज आणला (साहेबांना सांगून). चारही पिस्टन एकेक करून वरच्या टोकाला आणून मापले. एक, दोन, चार सारख्या उंचीला. तीन नंबर १.६ मिमी खाली. वडील शेजारी उभे होते, त्यांनी स्वतः गेजचा काटा वाचला आणि चष्मा पुसला.

आता ठरलंय ते असं. टर्बो रद्द. चारही रॉड बाहेर काढून सरळपणा तपासतो, बेअरिंग नवीन, संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) तेल अडवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लांब वळणात पंप कोरडा पडणार नाही. डावी पेटी कापून नवीन पत्रा, त्याआधी केज नाही. सीमलेस पाईपचं कोटेशन पुण्याहून मागवलंय. बी क्लासवाले रागावलेत. करी यावर्षी होत नाही, पुढच्या हिवाळ्यात बघू. केज झाल्यावर पहिली फेरी मामांच्या शेडभोवती वडील मारणार, हेल्मेट घालून, हे त्यांनी परस्पर जाहीर केलंय.

एकच मदत राहिली. १.६ १६ व्हॉल्व्हचा एक कनेक्टिंग रॉड हवा आहे. १.२चा चालणार नाही. सिएना १.६, पेट्रा १.६ किंवा पालिओ अ‍ॅडव्हेंचर १.६ मोडीत निघाली असेल तर त्यातलाही चालेल. वजन करून कळवा, बाकीच्या तिघांशी जुळवायचंय. सांगली, कोल्हापूर, सातारा, कुठेही असला तरी स्वतः येऊन नेईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटातला गडी

कराडला एका स्क्रॅपवाल्याकडे सिएना उभी बघितली होती, बॉनेटवर कोंबड्या बसलेल्या. १.२ की १.६ ते उद्या जाताना बघून सांगतो.