अनुभव धागा : घरची चॉकलेट-बदाम टॉफी, पाकापासून डब्यापर्यंत

कढईवाली

दिवाळी आणि नाताळच्या डब्यांसाठी या टॉफीबद्दल सारखी विचारणा होते, म्हणून हा वेगळा धागा. चघळायची मऊ टॉफी इथे नको, तिचं तंत्र निराळं. साखर आणि बटर १५० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजवून पातळ ओतायचं, दोन्ही बाजूंनी चॉकलेट लावायचं, वर बदामाचा चुरा. अमेरिकेत टकोमाची ब्राउन अँड हेली कंपनी १९२३पासून विकते ती ‘आमंड रोका’ याच जातीची. प्रतिसादात ग्रॅम, अंश आणि बिघडण्याचं कारण लिहा. आठवणींना गप्पांचं पान आहेच.

माझं प्रमाण : बटर २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी ३ मोठे चमचे, लिक्विड ग्लुकोज (दाट, चिकट साखरपाक) १ मोठा चमचा, बदामाचे तुकडे १०० ग्रॅम. वरून लावायला चॉकलेट २५० ग्रॅम, बदामाचा बारीक चुरा ७५ ग्रॅम. मीठ अर्धा छोटा चमचा, पण अमूलचं नेहमीचं खारं बटर असेल तर अजिबात नको. एवढं मिश्रण २२ × ३० सेंमीच्या ट्रेमध्ये ६-७ मिमी जाडीचं बसतं. त्याहून जाड झालं तर दाताला त्रास.

जाड बुडाचं, निदान ३ लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या, फेस बराच वर येतो. काळं नॉनस्टिक नको, त्यात रंग दिसत नाही. बटर मंद आचेवर वितळलं की साखर, पाणी, ग्लुकोज घालायचं आणि उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळवायची. आपली साखर जाड दाण्याची असते, तिला वेळ लागतो. मिक्सरमध्ये जरा फिरवून घेतली तर काम सोपं होतं. विकतची पिठीसाखर मात्र वापरू नका, तिच्यात बऱ्याचदा कॉर्नस्टार्च असतो. नंतर मध्यम आच. १०४-१०५ अंशांवर पारा रेंगाळतो, कारण पाणी उडत असतं. तिथे घाई करून गॅस मोठा केला की पुढचं सगळं बिनसतं. १३० अंशांवर बदाम घालायचे, १४८ला खाली उतरवायचं. पातेल्याच्या उष्णतेने उरलेले दोन-तीन अंश आपोआप चढतात. मग व्हॅनिला (तडतडतं, हात लांब ठेवा) आणि लगेच ओतायचं.

पाकशास्त्री

थर्मामीटरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. आधी तो उकळत्या पाण्यात धरा. मुंबईत १०० दिसायला हवेत. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला आणखी खाली. तुमच्याकडे जो आकडा येईल त्यात ४८ मिळवा, ते तुमचं पातेलं उतरवायचं तापमान. उंचीचा फरक आणि थर्मामीटरची खोट, दोन्ही त्यात निघून जातात. टोक बुडाला टेकवू नका. लांबून मारायची इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग बघते आणि वाफेने फसते, इथे तिचा उपयोग नाही.

१४०-१४५ला उतरवलेली टॉफी दाताला चिकटते. १५५च्या पुढे कडवट होते, कारण बटरमधला दुधाचा अंश जळायला लागतो. १३५ ते १५० हा टप्पा फार भरभर जातो. तेव्हा फोन उचलू नये.

चिक्कीकर

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. लोणावळ्याच्या चिक्कीला पाक बघतात तसंच : वाटीत थंडगार पाणी, त्यात एक थेंब. दाबला तर मऊ गोळी झाली, अजून वेळ आहे. ताणून वाकला, तरी वेळ आहे. टकटक वाजला आणि बोटांत कटकन तुटला की झालं. तो तुकडा चावूनही बघा, दाताला चिकटता कामा नये. परीक्षा घेताना पातेलं आचेवरून बाजूला ठेवा, नाहीतर तेवढ्यात पाक पुढे जातो. रंग बदामाच्या सालीचा.

मंदाग्नी

सगळ्यात जास्त रड असते ती तूप सुटण्याची, म्हणून जरा सविस्तर.

बटर म्हणजे चरबी, पाणी आणि थोडी दुधाची प्रथिनं. पाकात ही चरबी बारीक थेंबांच्या रूपात धरून ठेवायचं काम प्रथिनं करतात. पाणी झपाट्याने उडालं किंवा तापमान एकदम वरखाली झालं की ती पकड सुटते, चरबी वर तरंगते आणि खाली साखरेचा रवाळ गोळा उरतो. कारणं ठरलेली आहेत : पातळ बुडाचं पातेलं, मोठी आच, फ्रिजमधले थंड बदाम पाकात लोटणं, मध्येच ढवळणं थांबवणं किंवा उलट घुसळल्यासारखं ढवळणं. स्वस्त इंडक्शन शेगडी मंद आचेवर चालू-बंद होत राहते, त्यानेही हेच होतं. तिथे पातेल्याखाली जाड तवा ठेवून चालत नाही, गॅसच बरा.

चिक्कीच्या सवयीने काही जण साखर विरघळल्यावर हात लावत नाहीत. नुसत्या साखरेच्या पाकाला ते ठीक. इथे दुधाचा अंश बुडाला लागतो, त्यामुळे लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने सावकाश, एकाच लयीत, कोपऱ्यांपर्यंत ढवळत राहायचं. कडेला साखरेचे दाणे चिकटले असतील तर सुरुवातीलाच ओल्या ब्रशने खाली उतरवा. एक दाणा पाकात पडला तरी रवाळपणाला सुरुवात होऊ शकते. ग्लुकोज त्यासाठीच असतं.

तूप सुटायला लागलं तर पातेलं खाली उतरवा, एक मोठा चमचा उकळतं पाणी कडेने सोडा, हळूहळू ढवळा. जमलं नाही तर आणखी एक चमचा. मिश्रण पुन्हा एकजीव झालं की मंद आचेवर परत १४८पर्यंत. १४५च्या पुढे सुटलं तर सहसा जमत नाही. तेव्हा चरबी ओतून टाका आणि उरलेलं कुटून आइस्क्रीमवर घाला.

लोणकढी

तुपाची टॉफी करू का, असं विचारणाऱ्यांसाठी : नाही. तुपात पाणी नाही, प्रथिनं नाहीत, त्यामुळे ते पाकात मिसळून राहत नाही, आणि टॉफीची खमंग चव ज्या दुधाच्या अंशाने येते तो गाळताना बेरीला गेलेला असतो. घरचं लोणी चालतं, पण पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. ताकाचे कण राहिले तर बुडाला करपतात. त्यात पाणी जास्त असतं, म्हणून वरचं पाणी घालायचं नाही.

बे-एरियातली

इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पाककृतींत ‘२ स्टिक बटर’ लिहिलेलं असतं, एक स्टिक ११३ ग्रॅम. कपाने मापू नका, वजनच करा.

एका गोष्टीत कढईवालीशी मतभेद. बदाम पाकात घालण्यापेक्षा आधी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये १०-१२ मिनिटं भाजून, गरम असतानाच ट्रेमध्ये पसरावेत आणि वरून पाक ओतावा. त्यांचा थंडपणा पाकाला बाधत नाही, ढवळणंही सोपं. काजू वापरायचे तर हाच मार्ग. ते १३० अंशांवर पाकात घातले तर टॉफी तयार होईपर्यंत जास्त भाजले जाऊ शकतात.

शेवटी पाव छोटा चमचा खायचा सोडा घातला तर टॉफीत बारीक बुडबुडे राहतात आणि ती चावायला हलकी होते. चाळून घाला, गुठळी खारट-साबणासारखी लागते.

काजूगर

ट्रेला स्वस्त बटर पेपर लावू नका, तो टॉफीला असा चिकटतो की सोलत बसावं लागतं. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर किंवा सिलिकॉन मॅट. चौकोनी वड्या हव्या असतील तर ओतल्यावर तीन-चार मिनिटांनी, कड जरा धरली की तेल लावलेल्या सुरीने खुणा करा. एक मिनिट गेलं की त्याच रेषा पुन्हा खोल करा. गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडे मनमानी पडतात. मला तसे आवडतात, पण डब्यात नीट बसत नाहीत.

कोकोबाई

आता चॉकलेट. टॉफी गरम असताना वर चॉकलेटचे तुकडे पसरून, पाच मिनिटांनी उलथन्याने सारवायची पद्धत सोपी आहे. पण त्या उष्णतेत कोको बटरची घडी मोडते आणि दोन-तीन दिवसांत वर पांढरट डाग येतात. खायला काही वाईट नाही, भेट द्यायला मात्र बरं दिसत नाही. त्याच दिवशी संपणार असेल तर खुशाल करा.

मॉर्डे वगैरे कंपन्यांचं कंपाउंड चॉकलेट घेतलं तर टेंपरिंग (चॉकलेट वितळवून, ठरावीक अंशांपर्यंत गार करून पुन्हा जरा चढवणं) लागत नाही, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती-स्निग्ध असतं. ४५ अंशांपर्यंत वितळवा आणि लावा. एप्रिल-मे महिन्यात एसी नसेल तर हेच वापरावं. चव मात्र जिभेवर थोडी मेणचट राहते.

खरं डार्क चॉकलेट : दोन तृतीयांश भाग ४५-४८ अंशांवर वितळवा, उरलेला बारीक चिरून थोडा थोडा घालत २८पर्यंत आणा, मग ३१-३२पर्यंत चढवा. मिल्क चॉकलेट २७पर्यंत आणि मग २९-३०. सुरीच्या टोकाला लावून बघा, २२ अंशांच्या खोलीत पाच मिनिटांत चकचकीत घट्ट व्हायला हवं. भांड्यात पाण्याचा थेंबही नको, सगळं घट्ट गोळा होतं.

चॉकलेट पापुद्र्यासारखं सुटून येतं त्याचं कारण टॉफीवरचा बटरचा तवंग. गार टॉफी दोन्ही बाजूंनी कोरड्या टिश्यूने पुसा, वर चिमूटभर कोको पावडर चोळा. टॉफी खोलीच्या तापमानाला असावी, फ्रिजमधली नको. एका बाजूला चॉकलेट, लगेच बदामचुरा, हलका दाब. घट्ट झालं की उलटून दुसरी बाजू.

ऊसतोड्या

गूळ? पूर्ण गुळाची करू नका. कोल्हापुरी गुळातही आम्लता असते, दूध फाटल्यासारखं दिसतं, शिवाय साखरेआधी करपतो आणि दमट हवेत टॉफी लवकर पाझरते. साखरेतले ५० ग्रॅम काढून तेवढा चाळलेला गूळ घातला तर रंग आणि चव छान येते. मग ग्लुकोज अर्धं करा.

कढईवाली

पावसाळ्यात मुंबई-कोकणात करायचीच असेल तर गार झाल्या झाल्या चॉकलेटने सगळीकडून झाका. उघडी कड हवेतलं पाणी ओढते आणि तासाभरात चिकट होते. थरांमध्ये बेकिंग पेपर, घट्ट झाकणाचा डबा, तीन-चार आठवडे आरामात. फ्रिजमध्ये ठेवलीच तर डबा बाहेर काढून बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा.

साखरफुटाणा

पातेलं घासत बसू नका. पाणी भरून उकळवा, चमचेही त्यातच टाका, सगळं विरघळतं. चरबी बेसिनच्या नळीत जमते, म्हणून आधी कागदाने पुसून घ्या. आणि शिजवताना शेजारी गार पाण्याचं घमेलं ठेवा. १५० अंशांचा पाक हातावर पडला तर पुसू नका, लगेच हात पाण्यात घाला आणि नळाखाली वीस मिनिटं धरा.