आई-लेकीच्या चित्रपटांतून वडील कुठे जातात?

धरमपेठकर

आई आणि मुलगी यांच्या नात्यावरचे गेल्या काही वर्षांतले हिंदी चित्रपट मी आवडीने पाहिले आहेत, आणि त्यांनी आईला देव्हाऱ्यातून खाली उतरवून माणूस म्हणून उभे केले याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या चित्रपटांत भांडण, हिशेब आणि समेट हे सगळे दोन बायकांमध्येच उरकले जाते, कारण पटकथेने वडिलांना आधीच बाजूला केलेले असते. 'निल बटे सन्नाटा'मध्ये (2016) आग्र्यात घरकाम करणारी चंदा एकटीच मुलीला वाढवते. 'डार्लिंग्ज'मधल्या (2022) भायखळ्याच्या चाळीत आईचा नवरा केव्हाचा नाहीसा झालेला आहे. 'सीक्रेट सुपरस्टार'मध्ये (2017) वडील आहेत, पण इतके मारकुटे की त्यांच्याशी बोलण्यासारखे काही उरतच नाही.

मला सर्वांत जास्त खटकतो तो रेणुका शहाणे यांचा 'त्रिभंग' (2021). लेखिका नयन आपल्या लिहिण्यात बुडालेली असताना तिच्या पुढच्या जोडीदाराकडून तिच्या लहानग्या मुलीचे, अनूचे, लैंगिक शोषण होते. पुढे नयन कोमात जाते आणि तिची बाजू आपल्यापुढे येते ती आत्मचरित्रासाठी तिने, ते लिहायला मदत करणाऱ्या मिलनला, सांगून ठेवलेल्या आठवणींतून. चित्रपटाचा सगळा भार आई-लेकीच्या हिशेबावर आहे, आणि गुन्हा करणारा माणूस कडेला राहतो.

आपल्या नागपुरातल्या बहुतेक घरांत वडील असतात. बारावीनंतर मुलीला पुण्याला पाठवायचे की नाही, हे बरेचदा तेच ठरवतात आणि आईच्या तोंडून कळवतात. मुलगी भांडते ती निरोप आणणाऱ्या आईशी. हे पडद्यावर का येत नाही?

प्रतापनगरची लेक

ताई, मला हे मुळीच पटत नाही. गुन्हेगाराला जाब विचारायला पोलीस आणि न्यायालय असते, पण आईला जाब विचारणारी मुलीशिवाय दुसरी कोण असणार? अनू आईवर चिडते, कारण सांभाळून घेण्याची अपेक्षा आईकडून होती. ज्याच्याकडून कसलीच आशा नव्हती त्याच्यावर कोणी रुसत नाही. तुम्ही ज्याला त्रुटी म्हणता तेच मला त्या चित्रपटातले सर्वांत खरे निरीक्षण वाटते.

दुसरे असे, की वडील कथेत आले की काय होते हे आपण जुन्या चित्रपटांत पुष्कळ पाहिले आहे. ते बोलतात आणि आई-मुलगी दाराआडून ऐकतात. शुची तलाटी यांच्या 'गर्ल्स विल बी गर्ल्स'मध्ये (2024) वडील मोजक्या प्रसंगांपुरतेच येतात, म्हणून तर ती गोष्ट शक्य होते. आई अनिला आपल्या मुलीच्या, मीराच्या, मित्राला लक्ष ठेवता यावे म्हणून घरी बोलावते, आणि हळूहळू तिला स्वतःलाच त्या मुलाचे आपल्याकडे लक्ष असावे असे वाटू लागते. मीराला हे दिसते, पण कोणत्या शब्दांत बोलावे ते तिला कळत नाही. नवरा घरात बसलेला असता तर याच प्रसंगाची संशयाची गोष्ट झाली असती आणि मीराची घुसमट बाजूलाच राहिली असती.

महालातून

मी दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे 'निल बटे सन्नाटा'बद्दल बोलणे मला भाग आहे. चंदा मुलीच्याच वर्गात दहावीला बसते, अपेक्षाला त्याची लाज वाटते, आणि चंदा अट घालते की गणितात माझ्यापेक्षा जास्त गुण मिळव, मी शाळा सोडते. हे भांडण वडिलांच्या असण्या-नसण्याचे नाही, आईच्या हातातला झाडू मुलीच्या हाती जाणार की नाही याचे आहे. माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुली येतात. फी द्यायला आलेली आई खाली फाटकाशी थांबते आणि मुलगी तिच्याकडून पैसे घेऊन एकटीच वर येते. अशा घरांत वडील असले तरी ही लाज तशीच राहते. तुम्ही दोघी मध्यमवर्गीय घरांवरून नियम काढत आहात.

धरमपेठकर

महालच्या ताईंचा मुद्दा रास्त आहे, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

प्रतापनगरच्या मुलीला मात्र मी 'थप्पड'कडे (2020) पाहायला सांगेन. अमृताचे वडील प्रेमळ आहेत, मुलीच्या पाठीशी उभे आहेत, आणि तरीही त्यांच्या बायकोचे गाणे संसारात सुटले ते कसे, हा प्रश्न त्यांच्यासमोरच येतो. वडील खोलीत आहेत म्हणून आई गप्प झालेली नाही. उलट, आपण कधी अडवले नाही म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही भल्या माणसाची समजूत तिथे उघडी पडते. असा प्रसंग वडिलांना घराबाहेर ठेवून लिहिताच आला नसता.

प्रतापनगरची लेक

'थप्पड' हा लग्नावरचा चित्रपट आहे, त्यात आई-मुलीच्या वाट्याला फार थोडी जागा आली आहे. वडिलांना कथेत ठेवण्याची किंमत पाहायची असेल तर ग्रेटा गर्विग यांचा 'लेडी बर्ड' (2017) पाहा. परिचारिका असलेली आई जादा पाळ्या करून घर चालवते, नोकरी गेलेले वडील शांत आणि समजूतदार आहेत, आणि प्रेक्षकाचा जीव साहजिकच वडिलांवर जडतो. ते असल्यामुळे आई आणखी कठोर दिसते.

धरमपेठकर

ती कठोर दिसते, पण ती तशी का झाली हेही त्याच चित्रपटात दिसते. वडिलांना मवाळ राहणे परवडते, कारण पैशाची चिंता आणि मुलीला नकार देणे ही दोन्ही कामे आईने अंगावर घेतलेली आहेत. दूरच्या कॉलेजसाठी आर्थिक मदतीचा अर्ज भरायला वडील मुलीला आईच्या नकळत साहाय्य करतात. ते उघड झाल्यावर आई अबोला धरते तो मुलीशी, आणि वडिलांच्या वाट्याला दोघींची समजूत घालण्याचे काम येते. ही वाटणी गर्विग यांनी वडिलांना घरात ठेवूनच दाखवली आहे, म्हणून तो चित्रपट मी माझ्याच बाजूने धरते.