चिपसेटचा पंखा बंद पडला : पंखा बदलावा की मदरबोर्ड?

अ-४०१ : सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. मुलीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी २०२० मध्ये भाग जमवून तयार करून घेतलेल्या संगणकातून बरेच दिवस घरघर ऐकू येत होती. ती आता पूर्ण थांबली आहे, परंतु तेव्हापासून मोठे रेंडरिंग (आराखड्यावरून चित्र तयार करण्याचे काम) चालू असताना संगणक मध्येच गोठतो आणि कधीकधी दुसरी हार्ड डिस्क यादीतून नाहीशी होते. प्रोसेसरचे तापमान मात्र पूर्वीइतकेच दिसते. कॅबिनेट उघडून पाहिले असता ग्राफिक्स कार्डाच्या खाली, मदरबोर्डवरच बसवलेला एक छोटा पंखा फिरत नसल्याचे आढळले. बोर्ड एक्स५७० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे डिस्क, यूएसबी वगैरे जोडण्या सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप) असून वॉरंटी संपलेली आहे. ‘हा पंखा सुटा मिळत नाही, बोर्डच बदला’ असे दुकानदाराचे म्हणणे आहे. एवढ्याशा पंख्यासाठी संपूर्ण बोर्ड बदलणे खरोखर आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ब-२०४ : बोर्ड बदलण्याची घाई करू नका. अशा पंख्याच्या मध्यभागी असलेला गोल स्टिकर अलगद उचलून आत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला की तो बहुधा पुन्हा फिरू लागतो. तेलाची बाटली माझ्याकडे आहे. संध्याकाळी केव्हाही घेऊन जा.

ड-३०३ : माझ्या मते पंखा काढून टाकावा आणि संगणक तसाच वापरावा. माझ्याकडे बी५५० चा बोर्ड आहे. त्यावर चिपसेटला पंखाच नाही आणि आजवर कोणतीही अडचण आलेली नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पंखा थांबल्याची सूचना बंद करता येते.

क-१०२ : अ-४०१ दादा, बोर्ड बदलू नका. संगणकदुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते, कारण वर सुचवलेल्या दोन्ही उपायांमध्ये तथ्य आहे, पण तुमच्या बोर्डासाठी त्यातला एकही पुरेसा नाही.

एक्स५७० हा चिपसेट एएमडीने जुलै २०१९ मध्ये आणला. घरगुती संगणकात पीसीआय एक्स्प्रेस ४.० (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यांसारखे भाग जोडणारा मार्ग) चा वेग प्रथम त्याच पिढीत आला, आणि त्या वेगाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागली. आधीच्या एक्स४७० च्या तुलनेत जवळपास दुप्पट, म्हणजे सुमारे ११ वॅट वीज हा चिपसेट घेतो आणि तिची उष्णता ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली, जिथे हवा मुळातच गरम आणि कोंडलेली असते, तिथे बाहेर पडते. म्हणून त्या काळातल्या जवळजवळ सर्व एक्स५७० बोर्डांवर छोटा पंखा दिला गेला. बी५५० मध्ये चिपसेटचा स्वतःचा वेग पीसीआय एक्स्प्रेस ३.० इतकाच असल्यामुळे तो कमी तापतो आणि त्याला पंखा लागत नाही. २०२१ मध्ये पंखा नसलेले एक्स५७०एस बोर्डही आले, पण त्यांवर चिपसेटसाठी बरेच मोठे हीटसिंक (चिपची उष्णता खेचून हवेत सोडणारा धातूचा भाग) बसवलेले होते. ड-३०३ दादा, तुमचा बोर्ड पंख्याशिवाय व्यवस्थित चालतो तो या रचनेमुळे. अ-४०१ च्या बोर्डावरचे हीटसिंक मात्र पंखा फिरणार हे गृहीत धरूनच लहान ठेवलेले आहे. त्यावरचा पंखा काढून सूचना बंद केली, तर बिघाड तसाच राहील आणि तो कळण्याचा मार्ग तेवढा जाईल.

प्रोसेसरचे तापमान ठीक दिसूनही डिस्क नाहीशी का होते, याचे कारणही इथेच आहे. प्रोसेसरला स्वतःचा वेगळा पंखा आहे. साटा डिस्क (केबलने बोर्डाला जोडलेली डिस्क), अनेक यूएसबी पोर्ट आणि सहसा नेटवर्कची जोडणी ही सर्व चिपसेटमार्फत चालते. म्हणून चिपसेट तापला की आधी याच गोष्टी गडबडतात. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये चिपसेटचे तापमान वेगळे दिसते, ते पाहून इथे कळवा.

एक खात्री मात्र आधी करून घ्यावी. काही बोर्डांवर हा पंखा शांत मोडमध्ये असतो आणि चिपसेट ठराविक तापमानाला पोहोचेपर्यंत तो मुद्दाम बंद ठेवला जातो. केवळ थांबलेला दिसला म्हणजे तो खराब झाला असे होत नाही. बायोसमध्ये चिपसेटच्या पंख्याची सेटिंग पूर्ण वेगावर ठेवून फेरे शून्यच दिसतात का ते पाहा. त्यानंतर वीज पूर्ण बंद करून पाते बोटाने हलके फिरवा. ते अडखळत असेल किंवा बाजूला डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेले आहे.

अ-४०१ : ताई, मनापासून आभार. पूर्ण वेग ठेवूनही फेरे शून्यच आहेत आणि पाते हाताला जड लागते. रेंडरिंग सुरू केल्यावर चिपसेटचे तापमान ९० अंशांच्या वर गेले, तेव्हा आम्ही काम लगेच थांबवले.

क-१०२ : मग पंखाच गेला आहे. नेहमीच्या वापरात हे तापमान ६० ते ७० अंशांच्या आसपास असायला हवे. नवीन पंखा बसेपर्यंत रेंडरिंग करू नये. लेखन किंवा ईमेलसाठी संगणक लावावाच लागला, तर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून १२० मिलिमीटरचा एखादा मोठा पंखा चिपसेटच्या दिशेने बसवा आणि तो बोर्डावरच्या रिकाम्या फॅन कनेक्टरला जोडा. मोठ्या पंख्याची संथ हवासुद्धा हीटसिंकला पुष्कळ थंड ठेवते.

काका, तुम्ही सांगितलेला तेलाचा उपाय चुकीचा नाही. असे बरेचसे पंखे बुशचे असतात, म्हणजे त्यांचा दांडा गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी साध्या नळीत फिरतो. उष्णतेने बुशमधले वंगण सुकते, त्यात धूळ मिसळते आणि घरघर सुरू होते. त्या टप्प्यावर एका थेंबाने पंखा काही काळ नीट चालतो. परंतु इथे घरघर थांबून पंखा पूर्ण अडकला आहे, म्हणजे बहुधा बुश झिजले आहे, आणि झिजलेला भाग तेलाने भरून येत नाही. शिवाय काही पंख्यांत ते टोक बंदच केलेले असते. गंजलेले स्क्रू सोडवण्यासाठी मिळणारा फवारा तर कोणीही वापरू नये, कारण त्यातला द्रावक उरलेसुरले वंगणही धुऊन काढतो.

सचिव : या निमित्ताने एक विचारतो. वॉचमनच्या केबिनमधल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधूनही असाच आवाज येत आहे. त्यात याच प्रकारचा पंखा असतो का? असल्यास दोन्ही एकदमच आणता येतील.

क-१०२ : सचिव साहेब, बहुतेक रेकॉर्डरमध्ये ४० मिलिमीटरचा चौकोनी पंखा असतो, पण मोजल्याशिवाय मागवू नये. रेकॉर्डरच्या पंख्याचा आवाज येऊ लागला असेल तर त्याला जास्त प्राधान्य द्यावे असे मला वाटते, कारण त्यातली हार्ड डिस्क रात्रंदिवस फिरत असते आणि ती तापून खराब झाली, तर नेमके हवे असलेले चित्रण हाती लागणार नाही.

पंखा विकत घेताना सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून त्याबद्दल नीट लिहिते. जुना पंखा काढून त्याच्या स्टिकरवरचा क्रमांक, व्होल्ट आणि अँपिअर यांचा फोटो काढावा. एका बाजूच्या दोन स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर मोजावे. ४० मिलिमीटरच्या चौकोनी पंख्यात ते ३२, तर ३० मिलिमीटरच्या पंख्यात २४ मिलिमीटर असते. मात्र एक्स५७० च्या बऱ्याच बोर्डांवर चौकट नसलेला, तीन स्क्रूंचा वेगळ्याच आकाराचा पंखा असतो. तो बाजारातल्या चौकोनी पंख्याच्या जागी बसत नाही, तेव्हा स्टिकरवरच्या क्रमांकावरूनच शोध घ्यावा लागतो. दुकानदाराला तो मिळत नाही याचे कारण बहुधा हेच असावे.

लॅमिंग्टन रोडवर ४० मिलिमीटरचे पंखे सहज मिळतात, पण त्यांतले पुष्कळसे थ्रीडी प्रिंटरसाठीचे, २४ व्होल्टचे असतात. दिसायला अगदी सारखा असला तरी असा पंखा १२ व्होल्टवर मंद फिरतो किंवा फिरतच नाही. याउलट ५ व्होल्टचा पंखा १२ व्होल्टवर लावला तर तो जळतो. तुम्हाला १२ व्होल्टचाच हवा. तारा किती आहेत तेही पाहावे : दोन तारांचा पंखा फिरेल, पण फेऱ्यांची माहिती देणार नाही, त्यामुळे बायोस त्याला बंदच समजेल. तीन तारांपैकी तिसरी तार दर फेऱ्याला दोन ठोके पाठवते आणि त्यावरून वेग मोजला जातो. चौथ्या तारेने वेग कमीजास्त करता येतो. तारांच्या रंगांवर विसंबू नये, स्वस्त पंख्यांत ते कसेही असतात. कनेक्टरही जुळवून पाहावा, कारण काही बोर्डांवर तो नेहमीपेक्षा बारीक असतो आणि मग जुनाच कनेक्टर कापून नव्या तारांना डाग द्यावा (सोल्डर करावा) लागतो. शक्य असल्यास बॉल बेअरिंगचा पंखा घ्यावा. त्याचा आवाज किंचित जास्त येतो, पण इतक्या गरम जागेत तो बुशच्या पंख्यापेक्षा टिकतो.

अ-४०१ : आमचा पंखा तीन स्क्रूंचाच निघाला. १२ व्होल्ट, चार तारा, आणि स्टिकरवरचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. त्या क्रमांकाचा पंखा ऑनलाइन दिसत आहे. बसवताना चिपसेटचे हीटसिंकही उचलावे लागेल का?

क-१०२ : क्रमांक मिळाला हे फार चांगले झाले. हीटसिंक शक्यतो उचलू नका. वरचे झाकण काढल्यावर पंख्याचे स्क्रू वरूनच सुटत असतील, तर हीटसिंक जागेवरच राहील आणि थर्मल पेस्टला (चिपची उष्णता हीटसिंकमध्ये नेणाऱ्या लेपाला) हात लावावा लागणार नाही. काही बोर्डांत मात्र झाकणाचे स्क्रू मागच्या बाजूने असतात. तसे असल्यास संपूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागेल. हीटसिंक हलले तर खालची जुनी पेस्ट किंवा पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावणे आवश्यक आहे, कारण एकदा सुटलेली पेस्ट पुन्हा नीट चिकटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मागची केबल काढा, नंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, आणि बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. ग्राफिक्स कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा खटका दाबल्याशिवाय ते ओढू नका. समोरच्या पुनर्विकासाच्या कामामुळे आपल्याकडे सिमेंटची बारीक धूळ सतत येते, त्यामुळे हीटसिंकच्या फटी ब्रशने साफ करून घ्या. हवा मारणार असाल तर इतर पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा.

आणखी एक बदल जाताजाता करता येईल. तुमची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) खालच्या एम.२ स्लॉटमध्ये (अशी पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याच्या खाचेत) असेल आणि प्रोसेसरजवळचा स्लॉट रिकामा असेल, तर ती वर हलवा. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, त्यामुळे चिपसेटवरचा भार तेवढा कमी होईल.

ब-२०४ : ताईंचे म्हणणे पटले. माझ्याकडे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आणि चुंबकी स्क्रूड्रायव्हर आहे. रविवारी सकाळी मी अ-४०१ मध्ये येतो.

सचिव : रेकॉर्डरचा पंखा शनिवारी दुपारी उघडून मोजतो आणि फोटो इथे टाकतो. तेवढा वेळ चित्रण बंद राहणार असल्यामुळे वॉचमनला गेटवरच थांबण्यास सांगितले आहे. दोन्ही जुने पंखे कार्यालयातल्या ई-कचऱ्याच्या पेटीत द्यावेत.

क-१०२ : काका आहेत तर उत्तमच. पंखा बसल्यावर शांत मोड बंद ठेवून निदान अर्धा तास रेंडरिंग चालवा आणि चिपसेटचे तापमान व पंख्याचे फेरे दोन्ही इथे कळवा. तापमान ७५ च्या वर राहिले तर मी स्वतः येऊन पाहते.