उ: बाईंच्या आठवणीसाठी काय करता येईल?

तुमच्या कथकच्या गुरू, बाई, गेल्या आणि त्यांच्या आठवणीसाठी काय करावं असं तुम्ही विचारलंय. इतरांनी सुचवलेल्या स्मृतिसंध्या आणि स्मरणिका या दोन्ही गोष्टी जरूर करा. पण कथकच्या गुरू गेल्या की सगळ्यात आधी हरवतात त्या त्यांच्या बंदिशी, म्हणजे तालात बांधलेल्या नृत्यरचना. पहिल्या काही महिन्यांतच जुन्या शिष्यांना एकत्र बसवून त्या उतरवून घ्या.

नुसते बोल (‘ता थेई तत्’ अशी नाचाची अक्षरं) लिहून भागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रांचे (ठोक्यांचे) चार विभाग आखून प्रत्येक बोल त्याच्या मात्रेखाली लिहा. सम (पहिली मात्रा), नवव्या मात्रेची खाली (जिथे टाळी देत नाहीत) आणि लय (वेग) नोंदवा. चूक होते ती बहुधा तिहाईमध्ये (तेच बोल तीनदा घेऊन समेवर येणं), कारण दम (मधला थांबा) लिहायचाच राहतो. समेवरून उचललेली, पाच मात्रांच्या बोलांची तिहाई, मध्ये एकेक मात्रेचा दम धरून, ५+१+५+१+५ अशी सतरा मात्रांची होते आणि पुढच्या समेवर येते. दम गाळला तर ती पंधराव्या मात्रेवरच संपते, आणि पुढे शिकणाऱ्याला वाटतं रचनाच चुकली!

पढंत (बोल तोंडाने म्हणणं) हाताने ताल देत वेगळी रेकॉर्ड करा, घुंगरांच्या आवाजात बोल बुडतात. चित्रीकरणात पावलं दिसायलाच हवीत. मोबाईलचा समोरचा कॅमेरा टाळा. त्यात बऱ्याचदा डावं-उजवं उलटं होतं.

एकाच तुकड्याची (छोट्या रचनेची) दोन रूपं निघाली तर भांडू नका. बाईंनी वेगवेगळ्या वर्षी ती वेगवेगळी शिकवली असणार. दोन्ही ठेवा, शिकल्याचं साल घालून.