बाळाला अल्बिनिझम सांगितलाय, डोळे सतत हलतात – मदत हवी आहे

रातराणी:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी चार महिन्यांची आहे. जन्मापासून केस पांढरे शुभ्र, भुवया-पापण्याही तशाच. डोळे फिकट निळसर-राखाडी, पण फोटोत कधीकधी लाल दिसतात. आम्ही दोघं सावळे, केस काळेभोर, त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू आहे. ती सोडा, तिच्यावर वेगळा धागा निघेल.

खरी काळजी डोळ्यांची. गेल्या महिन्यापासून दोन्ही बुबुळं डावी-उजवीकडे झुलत राहतात. उजेडात नेलं की ती डोळे घट्ट मिटून घेते. चेहऱ्याकडे बघते, पण तेही आत्ता आत्ता. बालरोगतज्ज्ञांनी अल्बिनिझम (शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मतःच कमी असणं) सांगितलं, नेत्रतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिला कितपत दिसेल? चष्म्याने भरून निघतं का? सासूबाई म्हणतात हे कोड आहे, वेळीच औषध केलं तर रंग परत येतो. खरं आहे का? एवढ्या लहान बाळाला सनस्क्रीन चालतं का? आणि यात रक्तस्रावाचाही एक प्रकार असतो असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. पुढच्या मुलाचा विचार आत्ता नाही, तरी जनुक तपासणी करून ठेवावी का?

"सगळं छान होईल" असं कृपया लिहू नका, माहिती द्या.

बिनकाठाचा चष्मा:
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. निदान तुमचे डॉक्टरच करतील, पण तिथे जाण्याआधी एवढं माहीत असू द्या.

मेलॅनिन त्वचेला आणि केसांना रंग देतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गर्भात डोळा घडत असतानाही ते लागतं. ते कमी पडलं की पडद्याचा मधला, सर्वांत बारीक पाहणारा भाग (फोव्हिया) पुरता तयार होत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे तंतू नेहमीपेक्षा जास्त संख्येने विरुद्ध बाजूला जातात, म्हणून खोलीचा अंदाज कमी येतो, तिरळेपणाही असू शकतो. चष्म्याने नंबर सुधारतो, तो लागतोही बहुतेकांना, पण फोव्हियाची उणीव त्याने भरून निघत नाही. अनेकांची दृष्टी ६/१८ ते ६/६० च्या दरम्यान असते. ६/६० म्हणजे इतरांना ६० मीटरवरून जे वाचता येतं ते ६ मीटरवरून वाचावं लागणं. हा पूर्ण अंधत्वाचा आजार नाही, आणि वयानुसार वाढतही जात नाही. या बाळांची नजर बसायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे "आत्ता आत्ता बघते" ही मला चांगली खूण वाटते.

डोळे हलण्याला निस्टॅग्मस म्हणतात. साधारण दोन-तीन महिन्यांच्या सुमारास तो दिसू लागतो आणि पुढे बऱ्याचदा कमी होतो. तिला जग हलताना दिसत नाही, एवढी खात्री बाळगा. लाल रंगाचं म्हणाल तर बुबुळात रंग कमी असल्याने आतून परतणारा प्रकाश दिसतो, एवढंच.

शेवटचा बाक:
मला स्वतःला अल्बिनिझम आहे, नोकरी करतो. कोडाचा मुद्दा आधी निकालात काढतो. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, बहुतेकदा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे, आणि डाग नंतर उमटतात. आपल्यात पेशी असतात, पण जनुकातल्या दोषामुळे त्यांना रंग पुरेसा बनवता येत नाही. त्यामुळे कोडाची औषधं इथे कामाची नाहीत. कोडासाठी देतात तो अतिनील प्रकाशोपचार तर हिला मुळीच देऊ नका, त्वचा भाजेल. दोन्हींपैकी एकही संसर्गजन्य नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीनऐवजी सावली, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद कडेची टोपी. नंतर एसपीएफ ३० किंवा जास्त, उघड्या भागावर, दर दोन तासांनी पुन्हा. मोठेपणी त्वचेच्या कर्करोगाचा धोका आपल्याला जास्त असतो, म्हणून अधूनमधून त्वचा तपासून घ्यायची. पण पोरीला घरात कोंडू नका.

पुढे ती मान एका बाजूला वळवून पाहू लागली तर सरळ करू नका. त्या कोनात बुबुळं कमी हलतात आणि जास्त स्पष्ट दिसतं. मला शाळेत "मान सरळ ठेव" म्हणून इतकं टोकलं गेलंय की विचारू नका. पुस्तक नाकाशी धरलं तरी डोळे बिघडत नाहीत.

कंसातले विधान:
रक्ताचं थोडक्यात. हर्मान्स्की-पुडलॅक सिंड्रोम हा दुर्मीळ प्रकार आहे, त्यात प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणारे रक्तातले कण) नीट काम करत नाहीत. त्यांची संख्या मात्र नॉर्मल येते, त्यामुळे नेहमीच्या रक्त तपासणीवर विसंबून चालत नाही. सहज निळे डाग पडतात का, नाकातून रक्त येतं का, बघा. शस्त्रक्रिया किंवा दात काढण्याआधी हा प्रश्न निकाली निघालेला असावा, आणि तोवर ॲस्पिरिन टाळावी. जनुक तपासणीचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पुढच्या मुलाबद्दल: नेहमीच्या प्रकारात आईवडील दोघंही वाहक असतात (म्हणजे दोषाचं जनुक असतं, पण स्वतःला त्रास नसतो) आणि प्रत्येक गर्भारपणात शक्यता २५ टक्के असते. एकाला झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. मुलग्यांमध्ये दिसणारा, फक्त डोळ्यांपुरता एक प्रकार आईकडून येतो, पण तुमच्या वर्णनावरून तो वाटत नाही. तुम्ही गरोदरपणी काय केलंत याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

रातराणी:
सगळ्यांचे आभार. रक्ताचा प्रश्न चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिला. फोव्हियासाठी कुठली तपासणी मागू? आणि बाहेर जाताना गडद गॉगल घालू का?

बिनकाठाचा चष्मा:
ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी. एवढ्या लहान बाळात कधी जमते, कधी मोठं होईपर्यंत थांबतात, तेव्हा आग्रह धरू नका. नंबर मात्र आत्ताच तपासायला सांगा. बाहेर आधी टोपी, मग अतिनील किरणं अडवणारा गॉगल, तिने ठेवला तर. घरात गडद काच नको. नजर घडण्याचे दिवस आहेत, तिला जितकं दिसेल तितकं बघू द्या, खिडकीला पडदा लावला की पुरे.