युरोपात जलविषयक पदव्युत्तर शिक्षण: शिष्यवृत्तीसाठी थांबावे की कर्ज काढून निघावे?

कृष्णाकाठ_स्थापत्य:
नमस्कार. मी २०२३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली असून सांगलीतील एका सल्लागार संस्थेत ग्रामीण पाणीपुरवठा योजनांचे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम करतो. या नोकरीला आता दीड वर्ष होत आले आहे. जत तालुक्यातील योजनांवर काम करताना असे वारंवार दिसते की टाकी उभी राहते, नळजोडण्या होतात, परंतु ज्या विंधन विहिरीच्या भरवशावर सारी आखणी केली, तिचे पाणी मार्च उजाडताच खाली जाते. त्यामुळे भूजल किंवा जलव्यवस्थापन या विषयात जर्मनी अथवा नेदरलँड्स येथे एम.एस्सी. करण्याचा विचार पक्का झाला आहे.

घरच्यांचे म्हणणे असे की नोकरी सोडावी, शैक्षणिक कर्ज काढावे आणि येत्या हिवाळी सत्रालाच जावे. एक एजंट ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती’ मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागत आहे. मी इतर मागास प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. राज्य शासनाची योजना मला लागू पडेल का, आणि अनुभवाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबण्यात काही अर्थ आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एल्बेकाठी:
थांबण्यात अर्थ आहे, आणि तो केवळ पैशापुरता नाही. डाड या जर्मन संस्थेची ‘ईपॉस’ नावाची शिष्यवृत्ती विकसनशील देशांतील नोकरदार पदवीधरांसाठीच आखलेली आहे. संबंधित क्षेत्रातील किमान दोन वर्षांचा अनुभव ही तिची मूळ अट आहे, आणि शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा ९९२ यूरो, आरोग्य विमा आणि प्रवासखर्च मिळतो. यादीत नाव असलेल्या अभ्यासक्रमांनाच ती लागू होते. श्टुटगार्ट विद्यापीठाचा ‘वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट’ हा अभ्यासक्रम अनेक वर्षे या यादीत राहिला आहे, तरी यंदाची यादी स्वतः उघडून पाहावी. अर्ज बहुधा थेट अभ्यासक्रमाच्या कार्यालयाकडे जातो आणि मुदत आदल्या वर्षीच संपते. म्हणजे अनुभव पूर्ण होण्याच्या सुमारास कागदपत्रे तयार असली पाहिजेत.

येथे गुणपत्रिकेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, वजन मोटिव्हेशन लेटरला, म्हणजे आपण हा अभ्यासक्रम का करू इच्छिता हे सांगणाऱ्या पत्राला, असते. दोन पानांची मर्यादा असते आणि त्यात आपल्या सध्याच्या कामाचा उल्लेख अपेक्षित असतो. मार्चमध्ये आटणाऱ्या विंधन विहिरीविषयी आपण वर जे लिहिले आहे, तेच तेथे लिहावे: कोणत्या प्रकारचा खडक, उपशाचा अंदाज कसा बांधला, तो कोठे चुकतो, आणि परत आल्यावर आपण काय वेगळे कराल. ‘लहानपणापासून मला पाण्याची ओढ होती’ अशा वाक्यांनी सुरू होणारी पत्रे निवड समितीने ढिगाने वाचलेली असतात. नोकरी आता सोडली तर या अर्जाचा कणाच निघून जाईल.

जीआर_वाचक:
राज्य शासनाच्या योजनेबद्दल लिहितो. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे, आणि प्रवर्ग व उत्पन्न पाहता आपण त्यात बसता. (अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज योजना सामाजिक न्याय विभागाची आहे. या दोहोंची गल्लत अनेक जण करतात.) खरी अडचण निराळी आहे. विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत २०० च्या आत असावे लागते. आपल्या विषयात जगभर नाव असलेली डेल्फ्टची आयएचई ही संस्था केवळ पाण्याच्या विषयाला वाहिलेली आहे, आणि अशा एकविषयी संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत येतच नाहीत. श्टुटगार्टही २०० च्या बाहेर आहे. टीयू डेल्फ्ट आणि म्युनिकचे तंत्रविद्यापीठ मात्र चालतील. भूजलाचा अभ्यास कोठे उत्तम होतो याच्याशी या अटीचा काडीमात्र संबंध नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, पण अट आहे ती आहे. जाहिरात निघाल्यावर त्या वर्षीचा शासन निर्णय ओळ न ओळ वाचावा, कारण अटी वर्षागणिक बदलतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र आताच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात खेटे घालण्यात मुदत निघून जाते.

डेल्फ्टवासी:
अनुभवाची सक्ती नसलेला एक मार्ग राहून गेला. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेत ‘ग्राउंडवॉटर अँड ग्लोबल चेंज’ हा अभ्यासक्रम आहे, आणि लिस्बन, डेल्फ्ट व ड्रेस्डेन येथील संस्था तो मिळून चालवतात. आपला विषय नेमका तोच आहे. शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १,४०० यूरो मिळतात. जागा थोड्या आणि अर्ज जगभरातून, त्यामुळे केवळ याच भरवशावर राहू नये. अशा अभ्यासक्रमांचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात.

कर्जाचा हिशेब घरच्यांसमोर नीट मांडावा. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात आहे तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्रास १,५०० यूरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे. स्वखर्चाने जाणाऱ्याला व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ यूरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, शिवाय भारतीयांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. नेदरलँड्समध्ये शुल्क भरभक्कम आहे. तेथील ‘एनएल स्कॉलरशिप’ पहिल्या वर्षी एकदाच ५,००० यूरो देते, त्यामुळे तिला पूर्ण शिष्यवृत्ती समजू नये. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटचा विचार अवश्य करावा, मात्र ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परतफेड करावी लागते. १८९२ साली स्थापन झालेल्या या निधीच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

राहिला एजंट. वरीलपैकी कोणतीही शिष्यवृत्ती त्याच्या हातात नाही.

कृष्णाकाठ_स्थापत्य:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोकरी सोडत नाही, हे घरी सांगितले आहे. एक शंका उरते. आमच्या संस्थेचे संचालक शिफारसपत्र देण्यास तयार आहेत, पण ‘मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो’ असे म्हणतात. हे चालते का?

एल्बेकाठी:
मजकूर स्वतः लिहू नये. समिती मोटिव्हेशन लेटर आणि शिफारसपत्र शेजारी ठेवून वाचते आणि भाषा एकच असली की ते चटकन ध्यानात येते. त्याऐवजी आपण केलेल्या कामांची एक पानाची टिपणी त्यांना द्यावी (योजनेचे गाव, लोकसंख्या, आपण स्वतः केलेली गणिते) आणि अर्धा तास बसून त्यांच्याकडून पत्र लिहून घ्यावे. पत्र लेटरहेडवर असावे, त्यावर सही, शिक्का आणि चालू तारीख असावी. शिक्षण संपवून परतल्यावर आपल्याला पुन्हा कामावर घेण्याची संस्थेची तयारी असेल, तर तेही लेखी मागून घ्यावे. ईपॉसच्या कागदपत्रांत अशा हमीला जागा असते आणि लहान संस्थाही ती देऊ शकतात.