जीपी (फॅमिली डॉक्टर) एडीएचडीच्या गोळ्या लिहून द्यायला नाही म्हणतोय, काय करायचं? (इंग्लंड)

मीरा_रेडिंग
नमस्कार मंडळी, मुलगा १३ वर्षांचा आहे. एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) वेटिंग लिस्ट ऐकूनच हातपाय गळाले म्हणून प्रायव्हेटमध्ये असेसमेंट केली, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निघालं, त्यावरचं मेथिलफेनिडेट हे औषध सुरू झालं आणि आता डोस बसलाय. फरक खरंच दिसतो, गणिताचा जो गृहपाठ रडारड होऊन अर्धवट राहायचा तो एका बैठकीत होतो. आता क्लिनिक म्हणतं पुढच्या गोळ्या जीपीकडून घ्या, त्यांनी शेअर्ड केअरचं (स्पेशालिस्ट आणि जीपीने जबाबदारी वाटून घ्यायचं) पत्रही पाठवलं, तर जीपीचं उत्तर आलं की आम्ही प्रायव्हेटवाल्यांचं घेत नाही. दर महिन्याला गोळ्यांचे पैसे वेगळे आणि प्रिस्क्रिप्शनची फी वेगळी, कुठवर पुरे पडणार? जीपीला असं नाही म्हणता येतं का? आणि डिसेंबरात पुण्याला जायचंय, तिकडे गोळ्या संपल्या तर?

लेस्टरची_फार्मासिस्ट
मीराताई, हो, म्हणता येतं. मी जीपी प्रॅक्टिसमध्येच काम करते. नाइस ही इथे उपचारांच्या गाइडलाइन काढणारी संस्था, तिच्या २०१८च्या गाइडलाइनप्रमाणे औषध सुरू करायचं आणि डोस बसवायचा तो स्पेशालिस्टने, आणि तब्येत स्थिर झाली की पुढचं लिहिणं-तपासणं शेअर्ड केअरखाली जीपीकडे. पण हे जीपीच्या मूळ करारात येत नाही, त्यामुळे घ्यायचं की नाही हे त्यांच्यावर असतं, आणि नाही म्हणाले तर जबाबदारी स्पेशालिस्टकडेच राहते. शिवाय सही करणारा डॉक्टर जबाबदार धरला जातो, औषध कंट्रोल्ड (कायद्याने कडक नियंत्रण असलेलं), एका वेळी साधारण ३० दिवसांचंच देतात आणि प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालतं. दर सहा महिन्यांनी बीपी, नाडी, उंची, वजन बघायचं, वर्षातून एकदा स्पेशालिस्टचा रिव्ह्यू हवा. प्रायव्हेट क्लिनिक उद्या बंद पडलं किंवा तुम्ही पैसे भरायचे थांबलात तर तो रिव्ह्यू कोण करणार, ही जीपीची भीती मला खोटी वाटत नाही. पण मधल्या मध्ये पोराचं औषध तुटतं याचा मला फार राग येतो, ते अजिबात होऊ नये. नवीन सोय होईपर्यंत क्लिनिकला सोडू नका.

ब्रिस्टलचा_बाबा
ताई, प्रॅक्टिस मॅनेजरला लेखी विचारा की प्रायव्हेट नको पण एनएचएसच्या राइट टू चूजचं (निवडीच्या हक्काचं) शेअर्ड केअर घेता का, कारण काही प्रॅक्टिस ते घेतात. घेत असतील तर जीपीकडून तसं रेफरल मागा, त्यात क्लिनिक तुम्ही निवडता आणि पैसे एनएचएस भरतं, फक्त १८च्या आतल्या मुलांना घेणारी क्लिनिकं कमी आहेत आणि जुना रिपोर्ट मानतील की पुन्हा असेसमेंट करतील हे आधी विचारा. हा हक्क इंग्लंडपुरताच, वेल्स-स्कॉटलंडवाल्यांनी यावर विसंबू नका. एकदा एनएचएसमधून लिहून मिळालं की मुलाच्या औषधाला एक पेनी लागत नाही. आणि जे आत्ता सुरुवात करणार आहेत त्यांनी असेसमेंटचे पैसे भरायच्या आधी जीपीला विचारा की डोस बसल्यावर तुम्ही लिहून द्याल का, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

मीरा_रेडिंग
दोघांचे खूप आभार, उद्याच ईमेल टाकते. एक विचारायचं राहिलं, दुपारचा डबा रोज जसाच्या तसा परत येतो आणि रात्री नऊला पोळी-भाजीवर तुटून पडतो, हे कुणाला सांगू, जीपीला की क्लिनिकला?

लेस्टरची_फार्मासिस्ट
क्लिनिकला, डोस तेच बघतायत. भूक मरणं या औषधाने बऱ्याच मुलांना होतं, गोळीच्या आधी पोटभर नाश्ता द्या आणि रात्रीचं खाणं अजिबात अडवू नका. वजन महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवा आणि उतरत असेल तर रिव्ह्यूची वाट न बघता लगेच कळवा.

कोथरूडकर
पुण्याचं मी सांगतो, भाचा हेच औषध घेतो. इथे मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये (कडक नियमांच्या औषधांच्या यादीत) आहे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो, आणि हे औषध ठेवायला वेगळा परवाना लागतो म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तर सरळ सायकियाट्रिस्टकडे पाठवलं. तिकडचं प्रिस्क्रिप्शन इथे चालणार नाही, तेव्हा सुट्टी पुरेल एवढ्या गोळ्या मूळ खोक्यातच आणा, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा आणि सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. दुबईवरून येत असाल तर तिथले नियम फार कडक आहेत, तिकीट काढायच्या आधी बघून घ्या.